ओला चमचा

श्रोतेहो, मला विषय दिलाय 'पदार्थ का बिघडतात', आणि वेळ दिलाय पाच मिनिटं. तेव्हा मुख्य ते आधीच सांगते: लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नका. तुमच्या आजीनंही हेच सांगितलं होतं, ठाऊक आहे मला. तरी घालताच ना? आषाढ लागला की आमच्या शेजारणी बरण्या घेऊन दारात उभ्या. "बाई, मीठ तर नेहमीसारखंच घातलं होतं, मग बुरा कसा चढला?"

आपल्या भाषेनं हे सगळं फार बारकाईनं पाहून ठेवलंय. दूध नासतं, भात आंबतो, भाजी विटते, पापड सादळतो, खोबरं खवट होतं आणि लोणच्याला बुरा येतो. इतके शब्द आहेत, कारण इतकी कारणं आहेत. खवटपणा आज बाजूलाच ठेवू. तिथे बुरशीचा हात नसतो, तेलाला हवा नि उजेड बाधतो. मी बोलणार बुरशीवर, म्हणजे पाण्यावर.

आता गंमत बघा. साठवणीच्या शेंगदाण्यात शेकडा दहा भाग पाणी राहिलं तरी बुरशी धरू शकते. मधात शेकडा सतरा-अठरा भाग पाणी असतं, आणि नीट झाकलेला मध वर्षानुवर्षं राहतो. असं का? ऑस्ट्रेलियातल्या स्कॉट नावाच्या शास्त्रज्ञानं १९५३ साली जंतूंवर प्रयोग करून दाखवलं, की पदार्थात पाणी एकूण किती यापेक्षा त्यातलं मोकळं किती, यावर जंतूंची वाढ ठरते. बुरशीचंही तसंच.

मोकळं म्हणजे काय? लग्नघर डोळ्यांपुढे आणा. घर माणसांनी गच्च भरलंय. कुणी वाढतंय, कुणी अक्षता वाटतंय, कुणी विहीणबाईंची मनधरणी करतंय. अशात एक आगंतुक येतो, त्याला स्वतःचा संसार थाटायला चार हात हवे असतात. पण ज्याला विचारावं तो कामात! हा आगंतुक म्हणजे बुरशी, माणसं म्हणजे पाण्याचे कण, आणि त्यांना कामाला जुंपणाऱ्या मावश्या म्हणजे मीठ आणि साखर. मीठमावशी कडक, थोडक्यात पुरते. किलोभर कैरीच्या फोडींना पाव किलोच्या आतबाहेर मीठ घातलं की भागतं. साखरमावशी मवाळ, तिला गोतावळा लागतो. म्हणून साखरांब्यात किसाच्या बरोबरीनं किंवा त्याहून जास्त साखर पडते. तब्येतीला बरं म्हणून साखर निम्मी करता आणि मग साखरांब्याला बुरा आला म्हणून कपाळाला हात लावता!

आणि ओला चमचा? ओला चमचा म्हणजे आयत्या वेळी आलेले चार रिकामटेकडे भाचे. मावशीची नजर अजून त्यांच्याकडे वळलेली नाही. ते ओसरीवरच बसलेत, आणि आगंतुकाला तेवढेच पुरतात. बरणीभर खार कडक असला तरी वरच्या फोडीच्या कडेला, त्या चार थेंबांपुरता, तो पातळ होतो. त्यात ती फोड तेलाच्या वर डोकं काढून बसलेली असेल तर हवाही मिळाली. बुरशीला हवा लागते. तेलाचा थर म्हणजे लावून घेतलेलं दार. म्हणून चमचा कोरडा, आणि लोणचं काढून झालं की उरलेल्या फोडी तेलाखाली दाबा. दोन्ही करा.

फोडणी पूर्ण गार झाल्यावरच लोणच्यावर का ओतायची? गरम ओतून झाकण लावलं की वाफ झाकणाला आतून चिकटते, थेंब होऊन खाली पडते. ओला चमचा तुम्ही घातला नाहीत, तो झाकणानं घातला. आजी बरणीला दादरा बांधायची. कापडातून वाफ निघून जाते, थेंब धरत नाहीत.

आता थोडं रागावते. "वरचा बुरा काढला, खालचं चांगलं आहे" हे ब्रेडच्या बाबतीत, शेंगदाण्याच्या बाबतीत बोलू नका. दिसतो तो नुसता मोहोर, मुळं आत गेलेली असतात. शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते, आणि आपल्या भाजण्या-शिजवण्यानं ते पुरतं जात नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाड्यात आणि गुजरातेतल्या पंचमहालात अवकाळी पावसानं भिजलेला मका लोकांच्या पोटात गेला. काविळीनं शंभराहून जास्त माणसं दगावली. तोच ओला चमचा, पण आभाळाएवढा.

काचेपलीकडून खूण झाली वाटतं. साखरांब्याचा पाक कितपत घट्ट हवा, ते राहिलंच. चमच्याचं मात्र पुरं करते. कोरडा म्हणजे ओट्यावरच्या फडक्यानं पुसलेला नव्हे. आषाढात ते फडकंच ओलं असतं. चमचा क्षणभर गॅसवर धरा, मग गार होऊ द्या, कारण गरम चमचा बरणीत गेला की पुन्हा तीच वाफ... हो हो, थांबते.