पूर्वजन्मीची राजनंदिनी

विदर्भातील पद्मपूर हे आपल्या पूर्वजांचे गाव, असे भवभूतीने 'मालतीमाधव' नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराकरवी सांगून ठेविले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ असलेले पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. बालाघाट जिल्ह्यातील, चंदन नदीच्या काठच्या रामपायलीहून एका दिवसात तेथे जाऊन परत येता येईल, इतकेच हे अंतर. म्हणजे ज्या नाटकात कापालिक नायिकेला चामुंडेपुढे बळी द्यावयास नेतो, नायक तिला स्मशानातून सोडवून आणतो, पुढे तिचे पुन्हा हरण होते आणि एका योगिनीच्या सिद्धीमुळे ती परत मिळते, त्या अद्भुतरम्य प्रणयनाटकाचा कर्ता याच मुलखाचा. नटांशी आपला स्वभावतःच स्नेह आहे, असेही या कवीने तेथे नमूद केले आहे. आपल्या पंथाचे असे मोठेपण सांगणारा दुसरा नाटककार नटांना सहजी सापडावयाचा नाही.

अद्भुत आणि प्रणय यांची ही सांगड आजच्या प्रेक्षकाला नाट्यगृहापेक्षा घरातल्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अधिक भेटते. मराठीत अलीकडच्या काळात या जातीची जी मालिका सर्वांत अधिक गाजली, ती 'तुला पाहते रे'. झी मराठी वाहिनीवर 13 ऑगस्ट 2018 रोजी ती सुरू झाली आणि 2019 च्या जुलै महिन्यात संपली. वर्षभराहूनही कमी काळ चाललेली ही मालिका. वर्षानुवर्षे लांबविल्या जाणाऱ्या मालिकांच्या मानाने हा संयमच म्हटला पाहिजे. नाव मराठी कानाला परिचयाचे होते. राजा परांजपे यांच्या 1960 च्या 'जगाच्या पाठीवर' या चित्रपटात गदिमांचे याच शब्दांनी सुरू होणारे गीत आहे, आणि ते त्यात एका अंध मुलीच्या तोंडी येते. डोळ्यांनी न दिसणाऱ्याला पाहणे हा त्या गीताचा भाव. मालिकेतील नायिकेची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिला डोळे आहेत, समोरचा माणूस रोज दिसतो, आणि तरीही तो कोण हे मात्र कळत नाही.

कथा थोडक्यात अशी. विक्रांत सरंजामे हा चाळिशी ओलांडलेला धनाढ्य उद्योगपती. ईशा निमकर ही विशीतली, बेताच्या परिस्थितीतल्या घरची मुलगी. दोघांचे प्रेम जमते, घरच्यांचा विरोध मावळतो, विवाह होतो. येथवर ही श्रीमंत राजपुत्र आणि गरिबाची लेक यांची नेहमीची परीकथा आहे आणि प्रेक्षकांनी ती परीकथा म्हणूनच डोक्यावर घेतली. मग कथा वळते. विक्रांतची पहिली पत्नी राजनंदिनी हिच्या मृत्यूस तोच कारणीभूत आहे. सरंजामे हे नावही त्याचे नव्हे. तो मूळचा गजेंद्र पाटील. राजनंदिनीच्या नावे असलेली मालमत्ता हस्तगत करण्यासाठी ईशाला तिचा पुनर्जन्म म्हणून उभे करावयाचे, असा त्याचा डाव असतो. आणि ईशा खरोखरच राजनंदिनी निघते.

ढोंग म्हणून रचलेली गोष्ट खरी ठरावी, ही कल्पना नवी नाही. कमाल अमरोही यांच्या 1949 च्या 'महल'मध्ये मृत प्रेयसीचे सोंग अखेर सोंगच ठरते. बिमल रॉय यांच्या 1958 च्या 'मधुमती'त मृत स्त्रीचे सोंग घेऊन अपराध्याला गाठावयाचे ठरते आणि ते सोंग येण्यापूर्वी मृत स्त्रीच येऊन जाते. 'तुला पाहते रे'ची नाळ या दुसऱ्या चित्रपटाशी जुळते. फरक इतकाच की, येथे सोंग रचणारा स्वतः अपराधी आहे आणि आपल्या हाताने तो आपला साक्षीदार घडवितो. त्याहीपलीकडे पाहिले तर शाकुंतलाची आठवण होते. तेथे दुष्यंत विसरतो आणि मुद्रिका पाहून त्याला स्मरण होते. शकुंतलेने केवळ सोसावयाचे. येथे स्मरण स्त्रीला होते, आणि ते होताच सोसण्याचा भाग पुरुषाकडे जातो. पुनर्जन्म न मानणाऱ्या प्रेक्षकालाही ही मालिका पाहताना अडचण पडत नाही याचे कारण हेच. दडपलेला अपराध कधीतरी तोंड उघडतो एवढे मान्य असले, की पुढचे सारे पटते.

विक्रांतची भूमिका सुबोध भावे यांनी केली. त्यांच्या कारकीर्दीत ती कोठे बसते हे पाहण्यासारखे आहे. 2011 मध्ये रवी जाधव यांच्या 'बालगंधर्व' चित्रपटात त्यांनी नारायणराव राजहंसांचे काम केले, म्हणजे पुरुषाने स्त्री होण्याची कला पडद्यावर पुन्हा उभी केली. 2015 मध्ये 'लोकमान्य : एक युगपुरुष' आला, त्याच वर्षी 'कट्यार काळजात घुसली'. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 1967 च्या या नाटकाला भावे यांनी चित्रपटाचे रूप दिले. दिग्दर्शन त्यांचे आणि सदाशिवाची भूमिकाही त्यांचीच. पुढे 'तुला पाहते रे' ऐन भरात असतानाच, 2018 च्या नोव्हेंबरात, 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' प्रदर्शित झाला. म्हणजे एकाच हंगामात हा नट सायंकाळी घरोघर सालस विक्रांत म्हणून दिसत होता आणि चित्रपटगृहात घाणेकरांचा धुमसता, आत्मनाशाकडे धावणारा नट रंगवीत होता.

गंधर्व, टिळक आणि घाणेकर या तिघांची चरित्रे प्रेक्षकाला आधी ठाऊक असतात. नटाने त्यांत जीव ओतावयाचा. विक्रांतचे चरित्र मात्र प्रेक्षकापासून लपविलेले होते. कित्येक महिने प्रेक्षकाची माया संपादन करावयाची आणि मग ती एका फटक्यात उधळून लावावयाची, हे काम लोकप्रिय नटाला सोपे नाही. मालिकेचा प्रेक्षक नट आणि पात्र यांत भेद करीत नाही. खलनायकाचे काम करणाऱ्या नटाला रस्त्यात शिव्या खाव्या लागल्याच्या गोष्टी मराठी रंगभूमीला नव्या नाहीत. भावे यांनी हा धोका पत्करला, आणि उत्तरार्धात त्यांच्या आवाजातला गोडवा जेव्हा जशाचा तसाच राहूनही भीतिदायक वाटू लागला, तेव्हा त्या आधीच्या महिन्यांचा उपयोग कळून आला. पूर्वार्ध मात्र बराच पसरट होता, हेही सांगितले पाहिजे.

ईशा झालेल्या गायत्री दातार यांची ही पहिलीच मालिका. नवख्या नटीकडून पूर्वार्धात अल्लडपणाखेरीज फारशी अपेक्षा नव्हती. उत्तरार्धात मात्र एकाच देहात दोन स्त्रिया दाखविण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली आणि तेथे त्यांची ओढाताण झालेली दिसते. ईशाच्या आईचे काम गार्गी फुले-थत्ते यांनी केले. निळू फुले यांची ही कन्या. ज्या नटाने पडद्यावरच्या दुष्टपणाचे मराठीतले माप घालून दिले, त्याच्या लेकीकडे मालिकेतल्या सर्वांत भाबड्या बाईचे काम यावे, हा योगायोग मनोरंजक आहे. गजेंद्रचा साथीदार झेंडे उमेश जगताप यांनी मोजक्या हालचालींत उभा केला.

परंतु मालिकेचा कणा शिल्पा तुळसकर. राजनंदिनी ही कथेत मेलेली. ती येते उत्तरार्धात, गतकाळाच्या प्रसंगांपुरती. तरी तिच्या आगमनानंतर मालिकेला वजन आले. निशिकांत कामत यांच्या 2005 च्या 'डोंबिवली फास्ट'मध्ये माधव आपटेच्या पत्नीची भूमिका करताना या अभिनेत्रीने रोजच्या संसाराचा थकवा नेमका पकडला होता. येथे तिने श्रीमंत घरातली, विश्वास टाकणारी आणि त्यासाठी जिवाला मुकणारी स्त्री उभी केली. या ठिकाणी एक बोचणारी गोष्ट लक्षात येते. भावे आणि तुळसकर ही दोघे जवळपास एकाच वयाची. चाळिशीतला पुरुष मालिकेत विशीच्या मुलीचा नायक होतो. चाळिशीतली स्त्री यावयाची तर पूर्वजन्मातून यावी लागते. पुनर्जन्माची योजना कथेला किती आवश्यक होती आणि नायिका तरुण ठेवण्याच्या सोयीची किती होती, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला निरुत्तर करणे कठीण आहे. 2022 मध्ये मात्र 'तू तेव्हा तशी' या मालिकेत स्वप्नील जोशी यांच्यासमवेत तुळसकर नायिका म्हणून आल्या, चाळिशीतली नायिका म्हणूनच. एवढे अंतर काटावयास मालिकांच्या जगाला तीन वर्षे लागली.

आता रामपायलीच्या बाजूने पाहू. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर, भंडारा आदी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. रामपायलीचा राम भोसल्यांच्या राजवटीची आठवण सांगतो. शाळा आणि कचेरी हिंदीत बोलतात. घरात मराठी, शेजारी पोवारी. नव्या पिढीला मराठी लिपीबद्ध स्वरूपात फारशी भेटत नाही, ती पडद्यावरून कानांवर येते. ऑगस्ट 1999 मध्ये 'अल्फा मराठी' या नावाने सुरू झालेल्या वाहिनीने, आजच्या झी मराठीने, सीमेपलीकडच्या अशा घरांना मराठीची रोजची अर्ध्या तासाची शिदोरी दिली, हे उपकार लहान नव्हेत. पण ती मराठी मुंबई-पुण्याची. झाडीपट्टीची बोली तिच्यात नाही. आणि याच मालिकेत सुसंस्कृत विक्रांत सरंजामेचा दडविलेला कलंक काय, तर तो गजेंद्र पाटील आहे! अपराध खुनाचा; पण कथेत उघडकीस येते ते आधी नाव, आणि त्या नावातच गाव आहे. आपली बोली गावंढळ ठरेल या धास्तीने पाहुण्यांपुढे शब्द तोलून बोलणाऱ्या माणसाला हे लागल्याखेरीज कसे राहील?

त्याच माणसाला दक्षिणेकडे, वडसा-देसाईगंजच्या परिसरात, दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके पाहावयास मिळतात. तेथे त्याची बोली रंगमंचावर उजळ माथ्याने वावरते. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांनी या रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केले. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या नटाचे काम बहुधा सकाळी संपते. पडदा पडला की कोंबडे आरवते, आणि प्रेक्षक बंडीत किंवा दुचाकीवर बसून शेतावर जातो. दूरचित्रवाणीच्या नटाला हा प्रेक्षक दिसत नाही, आणि प्रेक्षकाला नट दिसतो तोही फक्त वाहिनी ठरवील तोवर.

'तुला पाहते रे'ची कथा पुढे इतर भाषांत गेली. कन्नडमध्ये 2019 साली 'जोते जोतेयली', तेलुगूत 2020 साली 'प्रेम एंत मधुरम'. आणि 2025 मध्ये हिंदीत 'तुम से तुम तक'. हिंदीतला नायक शरद केळकर. हा नट ग्वाल्हेरचा, म्हणजे मध्य प्रदेशातल्या मराठी घरचा. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला त्याचा आवाज आहे आणि 2020 च्या 'तान्हाजी'त त्याने शिवराय साकारले. म्हणजे मराठीतून निघालेली गोष्ट रामपायलीत आता हिंदीतूनही पोहोचली आहे, आणि तीही मध्य प्रदेशाच्याच एका मराठी नटाच्या तोंडून. घरात जर आजी असेल, तर ती नातवंडांना मध्येच थांबवून सांगते की, पुढे काय होणार ते तिला ठाऊक आहे. हा माणूस दिसतो तसा नाही.