खळ्यावरचा मालक



हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याहून दसरा-दिवाळीच्या सुमारास आत कुठल्याही गावाकडे वळा, शिवारातून हडंब्याचा, म्हणजे मळणी यंत्राचा, आवाज येतोच. सोयाबीनच्या सुडीभोवती सात-आठ माणसं असतात. धूळ एवढी, की तोंडाला रुमाल बांधलेल्या बायांचे फक्त डोळे दिसतात. तोच रुमाल, नाहीतर पदर, फिरत्या पट्ट्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. मजुराचं नाव, गाव, वय. यंत्र कुणाचं होतं, हे बहुधा नसतंच.

कारखान्यात असं घडलं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी चौकशीला येतो, मालकावर खटला भरू शकतो. पण विजेवर किंवा इंजिनावर काम चालणारी जागा कारखाना ठरायला 20 कामगार लागतात. महाराष्ट्रात 2015 पर्यंत ही मर्यादा 10 होती. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या नव्या संहितेनेही 20 चाच आकडा धरला. त्या संहितेत एक तरतूद मात्र खरोखर चांगली आहे. मालकाने नियम मोडल्यामुळे कामगार दगावला, तर दंड केला जाईल तो किमान 5 लाखांचा, आणि त्यातली निम्मी तरी रक्कम वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. सुडीवरच्या आठ जणांना तिचा उपयोग नाही.

मग खळ्यासाठी कायदाच नाही का? आहे की! धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा संसदेने 1983 मध्ये केला, तोच मुळी मळणी यंत्रात हात गमावणाऱ्यांसाठी. यंत्र बनवणाऱ्याला परवाना हवा, यंत्रावर त्याच्या नावाची पाटी हवी. भारतीय मानकाप्रमाणे पीक सारायची पन्हळ किमान 90 सेंटीमीटर लांब आणि त्यातली 45 सेंटीमीटर झाकलेली असावी, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. यंदा हडंबा दारात आला की टेप लावून बघा. वर्कशॉपमध्ये कापून आखूड केलेली पन्हळ आणि काढून ठेवलेलं झाकण यांत कायद्याचं काय झालं ते दिसेल. भरभर माल सारता येतो म्हणून हे करतात. गुत्त्याचं काम, घाई असतेच.

आणि धोका फक्त हडंब्याचा नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्याला 4 एप्रिल 2025 विसरता येणार नाही. वसमत तालुक्यातल्या गुंजच्या बाया शेतकामाला निघाल्या होत्या. त्यांचा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. 7 जणी गेल्या. राज्य सरकारकडून वारसांना 5 लाख आणि पंतप्रधान निधीतून 2 लाखांची मदत जाहीर झाली. मदत हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण ती तुमच्या-माझ्या पैशातून येते. मजुरांना असं ट्रॉलीत बसवून नेण्याची रीत तिने बदलत नाही, कारण ज्याचं काम त्याच्या खिशाला ती लागत नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, मृत्यूला 2 लाख देणारी. ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. भूमिहीन मजुरीण तिच्यात बसत नाही.

तिला आधार आहे तो नुकसानभरपाईच्या कायद्याचा. मूळ 1923 चा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेला. ट्रॅक्टर किंवा यंत्रशक्तीवर शेतीकाम करणारा मजूर त्यात स्पष्ट लिहिलेला आहे आणि पैसे द्यायचे आहेत कामावर ठेवणाऱ्याने. माझ्या मते अडतं ते इथेच. गावातला मालक ओळखीचा, पुढच्या हंगामात काम त्याच्याचकडे मागायचं. प्रकरण दवाखान्याच्या बिलावर मिटतं आणि कागदावर फक्त अपघात उरतो.

म्हणून सरपंचांना, पोलीस पाटलांना एवढीच विनंती. पंचनामा होईल तेव्हा तिथे उभे राहा. यंत्र कुणाचं, मजूर कुणी लावले, झाकण होतं की नव्हतं, हे त्यात लिहून घ्या. दावा उभा राहतो तो याच कागदावर.