राखलेलं पिल

पत्रिकेत विषय छापला होता ‘ईटीएफचे मूल्यमापन’. वक्ते अमळनेरचे, वाणिज्य शाखेचे निवृत्त प्राध्यापक. जळगावातली मे महिन्याची संध्याकाळ. आठ वाजून गेले तरी सभागृहाच्या भिंती दिवसभराचं ऊन बाहेर टाकत होत्या आणि पंखे गरम हवाच ढवळत होते. सरांनी फळ्यावर विषय लिहिलाच नाही. केळीचं एक खोड काढलं, त्याच्या बुडाशी पाच पिलं काढली आणि त्यातल्या चारांवर काट मारली.

“हे एक का ठेवलं?”

“पिलबागेसाठी!” रावेर-यावलकडच्या मंडळींनी वाक्य पुरं होण्याआधीच उत्तर दिलं. सगळी पिलं ठेवली तर घड पोसत नाही आणि एकही ठेवलं नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा लागवडीचा खर्च. “आणि मरतुकडं पिल ठेवलं तर?” सरांनी विचारलं. मागून कोणी म्हणालं, “घड हलका.” सर खूश झाले. “निम्मं व्याख्यान तुम्हीच दिलंत,” असं म्हणून त्यांनी हातावरचा खडू झटकला.

सरांचं म्हणणं एकच होतं आणि त्या रात्री प्रत्येक प्रश्न फिरून तिथेच आला. कंपनीला नफा झाला की त्यातला काही भाग लाभांश म्हणून वाटला जातो आणि उरलेला धंद्यातच राहतो. हा राखलेला नफा साचत जातो, त्यालाच आपण गंगाजळी म्हणतो. किती राखलं आणि राखलेल्याने पुढे किती कमावलं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय शेअर घेऊ नये, असं त्यांचं ठाम मत. शेअरला जो नियम तोच ईटीएफलाही.

ईटीएफ म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊकच आहे असं धरून ते पुढे निघाले. पहिल्या दोन रांगांनी माना हलवल्या, मागच्या रांगांत कुजबुज झाली. तेवढ्यापुरतं थांबून त्यांनी सांगितलं की एखाद्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात एका टोपलीत भरायचे आणि त्या टोपलीचे तुकडे बाजारात शेअरसारखे विकायचे, म्हणजे ईटीएफ. भारतातला पहिला, ‘निफ्टी बीज’, बेंचमार्क म्युच्युअल फंडाने डिसेंबर 2001 मध्ये आणला. भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट 2015 पासून नव्या जमेचा काही भाग ईटीएफमध्ये घालते. “म्हणजे एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या ज्या माणसाचा पीएफ कापला जातो, त्याच्या पैशातला काही वाटा आजच ईटीएफमध्ये आहे. त्याला कोणी सांगितलं नाही, एवढंच.” सभागृह गप्प झालं. बऱ्याच जणांनी मनातल्या मनात आपली पगाराची पावती आठवून पाहिली असणार.

अडचण अशी की ईटीएफला स्वतःची गंगाजळी नसते. टोपलीचा ताळेबंद मागून उपयोग नाही, टोपलीतल्या कंपन्यांचा मागावा लागतो. सरांनी इथे वॉरन बफे यांचा आधार घेतला. आपल्या वाट्याचा पण कंपनीने वाटलेला नाही, असा नफाही आपलाच धरून हिशेब करावा, हा विचार बफेंनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रांतून वर्षानुवर्षं मांडला. त्याच्याही आधी, 1924 मध्ये, एडगर लॉरेन्स स्मिथ यांनी शेअर आणि कर्जरोखे यांची जुनी आकडेवारी तपासून पुस्तक लिहिलं. भाव घसरत असतात त्या काळात तरी रोखे वरचढ ठरतील असं त्यांना वाटलं होतं. निघालं उलटंच. पुढच्याच वर्षी केन्स यांनी त्या पुस्तकाच्या परीक्षणात कारणावर बोट ठेवलं: चांगल्या कंपन्या सगळा नफा वाटून टाकत नाहीत, राखलेला भाग धंद्यात फिरून चक्रवाढीने वाढतो.

मग फळ्यावर हिशेब आला. राष्ट्रीय शेअर बाजार प्रत्येक निर्देशांकाचे तीन आकडे रोज जाहीर करतो: किंमत नफ्याच्या किती पट, किंमत पुस्तकी मूल्याच्या किती पट, आणि लाभांश किती टक्के. सरांनी सोपे आकडे धरले: 20, 3 आणि सव्वा. टोपली 100 रुपयांना घेतली. तिच्यात नफा 5 रुपये. पुस्तकी मूल्य, म्हणजे भांडवल आणि गंगाजळी मिळून, 33 रुपये 33 पैसे. त्यावर 5 रुपये म्हणजे 15 टक्के परतावा. लाभांश सव्वा रुपया, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा. राखले पावणेचार रुपये. हे पावणेचारही 15 टक्क्यांनीच कमावू लागले तर पुढच्या वर्षी नफ्यात 56 पैशांची भर पडेल. वाढ सव्वाअकरा टक्के.

“हा टोपलीचा आतला जोर. बाजार वर जावो की खाली, हा आकडा आधी काढायचा.” राखलेल्या पैशाने 15 ऐवजी 8 टक्केच कमावले तर तीच वाढ 6 टक्क्यांवर येते, हेही त्यांनी शेजारी लिहिलं आणि बाणाने मरतुकड्या पिलाकडे दाखवलं.

धुळ्याला हेच व्याख्यान झालं, तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं की मार्च 2021 च्या अखेरीस निफ्टीचं किंमत-नफा गुणोत्तर एका रात्रीत सुमारे 40 वरून 33 वर कसं आलं. बाजार तर कोसळला नव्हता. कारण मोजमाप बदललं होतं. तोवर फक्त मूळ कंपनीचा नफा धरत, त्या दिवसापासून उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरू लागले. जुने आणि नवे आकडे एका आलेखात जोडून ‘बाजार स्वस्त झाला’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, असं सरांनी बजावलं.

इथवर वीस मिनिटं झाली होती. दोन मिनिटांत उदाहरण सांगतो म्हणून त्यांनी अमळनेरचं नाव घेतलं, आणि पुढची पंचवीस मिनिटं अमळनेरचीच झाली.

29 डिसेंबर 1945 रोजी महंमद हाशिम प्रेमजी यांनी अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. खानदेशचा भुईमूग, त्याचं तेल, त्यातून ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप आणि ‘787’ कपड्यांचा साबण. शेअर 100 रुपयांचा. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी तो घेतला. 1966 मध्ये वडील अचानक गेले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परतले. भागधारकांच्या सभेत एकाने त्यांना तोंडावर सुनावलं की तुझ्या हातून हे व्हायचं नाही, हिस्सा विकून टाक. ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. तेलातून आलेला पैसा हायड्रॉलिक्समध्ये गेला, ‘संतूर’ साबणात गेला, संगणकात गेला.

सरांच्या घरी असा एक शेअर होता. त्यांनी हाताने हवेत चौकोन आखून दाखवला: जाड, पिवळट पडलेला कागद, चार घड्या, घडीवर चिरलेला, मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदींचे रकाने. वडिलांनी तो 1979 साली विहिरीच्या पंपासाठी विकला. “पंपही लागतच होता,” ते म्हणाले. त्या वाक्यावर थोडा वेळ कोणी हललं नाही.

मग ते फळ्याकडे वळले आणि साल लिहीत गेले. 1981, 1985, 1987, 1989, 1992, 1995, 1997, 2004, 2005, 2010, 2017, 2019, 2024: तेरा वेळा बोनस शेअर. मध्ये 1986 आणि 1999 ला शेअरची विभागणी. 1980 साली ज्याने 100 रुपयांचा एक शेअर जपून ठेवला आणि काहीच केलं नाही, त्याच्याकडे आज दोन रुपये दर्शनी किमतीचे 5,12,000 शेअर आहेत. दर्शनी किंमतच 10,24,000 रुपये. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

“टाळ्या नकोत, हिशेब करा,” सर म्हणाले. बोनसने कोणी श्रीमंत होत नाही. भाकरीचे दोनाऐवजी चार तुकडे केले तरी भाकरी तेवढीच. पण 100 रुपयांचे 10,24,000 झाले, त्यातले 10,23,900 भागधारकाने खिशातून घातलेले नाहीत. कंपनीच्या गंगाजळीतून ते भांडवलाच्या खात्यात वळते झाले. एवढं वळतं करायला गंगाजळीत आधी तेवढं साचावं लागतं, आणि ते साचलं कारण 45 वर्षं पिल राखलं गेलं आणि ते चांगलं निघालं. पण अशी कंपनी कोणती निघेल, हे तेव्हा आधी कोणाला ओळखता आलं असतं? म्हणूनच टोपली, असं ते म्हणाले. एक पिल मेलं तरी बाग राहते.

तेवढ्यात डाव्या बाजूने एक काका उठले. सराफ बाजारात तिसरी पिढी असावी असा रुबाब. “मंग सोनं ईकी टाकानं का, सर?”

सभागृह हसलं, पण त्या हसण्यात धार होती. जळगावात सोन्याबद्दल वावगं बोलणं सोपं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत सोन्याने भल्याभल्या शेअरांना मागे टाकलंय, हे काकांनी ठणकावून सांगितलं, आणि त्यांना टाळ्याही मिळाल्या. सरांनी मान्य केलं. सोनं अडीअडचणीला धावून येतं, ते घरात असावंच. फक्त आपला हिशेब त्याला लागू होत नाही, कारण सोनं काही राखत नाही. आजीचा दहा ग्रॅमचा दागिना नातीकडेही दहा ग्रॅमचाच राहतो. सोन्याच्या ईटीएफचं तर आणखी वेगळं. देशातला पहिला ‘गोल्ड बीज’ मार्च 2007 मध्ये आला, तेव्हा एका युनिटमागे सुमारे एक ग्रॅम सोनं होतं. व्यवस्थापनाचा खर्च भागवायला फंड त्यातलंच थोडं विकत राहतो, त्यामुळे युनिटमागचं सोनं दर वर्षी किंचित घटत जातं. भाव वाढला तर फायदा, पण ग्रॅम वाढणार नाहीत. काका बसले. पटलं असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. सर दहा मिनिटं मागून भराभर बोलू लागले.

सरकारी कंपन्यांचा सीपीएसई ईटीएफ 2014 मध्ये आला. तिथला लाभांश पाहून अनेकांना मोह होतो. पण 2016 च्या नियमानुसार या कंपन्यांना नफ्याच्या किमान 30 टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या 5 टक्के, यातली मोठी रक्कम वाटावी लागे. 2024 मध्ये 5 चे 4 झाले. म्हणजे किती राखायचं, हे तिथे धंद्याच्या गरजेइतकंच मालकाच्या गरजेवरही ठरतं. टोपली वाईट म्हणून नव्हे, पण तिचा वाढीचा आकडा वेगळा निघणार हे समजून घ्यावं.

दुसरी सावधगिरी घरचीच होती. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये तीन पिढ्यांच्या बचतीचे 7,000 रुपये घालून रॉकेल विक्रीने सुरुवात केली. पुढे पाइप आणि ठिबक सिंचन यांनी जळगावचं नाव जगभर नेलं. त्याच जैन इरिगेशनला कर्जाच्या ओझ्याखाली 2019 नंतर कठीण दिवस आले, मार्च 2022 मध्ये कर्जाची पुनर्रचना पूर्ण झाली आणि कंपनी सावरली. वहीत नफा दिसतो तेव्हा तो रोकड झालेला असतोच असं नाही. येणं अडकलं की राखलेला नफाही अडकतो. म्हणून गंगाजळीच्या शेजारी कर्जाचा आकडा मांडा. ईटीएफ घेताना दिवसभरात दिसणारं अंदाजी मूल्य पाहा, आपला भाव ठरवून ऑर्डर टाका, उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये जादा पैसे मोजले जातात, हे सगळं त्यांनी तीन वाक्यांत उरकलं.

आभाराला माणूस उभा राहिला, तेवढ्यात शेवटची चिठ्ठी आली. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीची. ‘विप्रोने 2023 मध्ये 445 रुपये भावाने 12,000 कोटींचे स्वतःचेच शेअर परत विकत घेतले. तो पैसा वाटला धरायचा की राखला? तुमच्या सूत्रात तो कुठेच नाही.’

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “वाटला धरायचा,” ते माइकपासून दूर होत म्हणाले, “ही बरोबर आहे.” फेरखरेदी लाभांशाच्या टक्केवारीत दिसत नाही, आयटी कंपन्यांनी अशा मोठमोठ्या खरेद्या केल्या आहेत, त्यामुळे लाभांशावरून काढलेला राखलेल्या नफ्याचा आकडा फुगलेला निघतो. फेरखरेदीची रक्कम वार्षिक अहवालातून काढून लाभांशात मिळवावी लागेल. आभाराचं भाषण सुरू झालं होतं. सर तोवर फळ्यापाशी गेले होते. ‘राखले पावणेचार’ या ओळीवर त्यांनी आडवी रेघ ओढली, खाली ‘वजा फेरखरेदी’ असं लिहिलं आणि त्या मुलीला खूण करून पुढे बोलावलं.