‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पाठशाळेतील मुले हल्ली विचारतात, ‘भगवान पार्श्वनाथ खरोखर होऊन गेले, याची शक्यता किती टक्के?’ या प्रश्नावर रागावणे अनेकान्त मानणाऱ्यांना शोभत नाही. मात्र टक्केवारी कोठे लागू पडते, हे आधी पाहिले पाहिजे.

नाणे शंभर वेळा उडवता येते. विमा कंपनीजवळ लक्षावधी आयुष्यांच्या नोंदी असतात. विश्व मात्र एकच आहे. शंभर विश्वे मांडून त्यांपैकी कितींत आत्मा आढळला, हे कोण मोजणार? तेथे टक्के सांगणे म्हणजे केवळ शब्दांचा खेळ.

इतिहासही एकदाच घडतो. परंतु तो मागे खुणा ठेवतो. आपल्या अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर घ्या. तेथील शिलालेखातील शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा वाचला आणि तोच पुढे ग्राह्य ठरला. एका अंकाने दोनशे वर्षे सरकली! लेख कोरला गेला तो एकाच वर्षी. दृढ झाले ते आपले ज्ञान. इतिहासातील ‘संभव’ हा असा पुराव्याच्या बळाविषयी असतो, घटनेविषयी नसतो.

येथे काही जण अभिमानाने सांगतात की आपला स्याद्वाद हेच संभाव्यताशास्त्र. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाचा विचार करताना सप्तभंगीची दखल घेतली आणि १९५७ साली हाल्डेन यांनीही तिच्यावर लिहिले, हे खरेच आनंदाचे आहे. तथापि ‘स्यात्’ म्हणजे ‘कथंचित्’, अर्थात ‘एका अपेक्षेने’. घट मातीच्या अपेक्षेने नित्य आहे आणि आकाराच्या अपेक्षेने अनित्य आहे, या विधानात शंकेला जागा नाही. ‘कदाचित’ हा अज्ञानाचा शब्द आहे.

आता पार्श्वनाथ. उत्तराध्ययन सूत्रात पार्श्वपरंपरेचे केशी श्रमण आणि गौतम यांचा संवाद आहे. पार्श्वांचा धर्म चातुर्याम आणि महावीरांचा पंचमहाव्रतांचा, असा भेद का, हा त्यातील एक प्रश्न. कल्पित पूर्वज निर्माण करणारा मनुष्य स्वतःच्या घरातील असा मतभेद कशाला रचील? दुसरीकडे बौद्धांच्या दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात चातुर्याम संवर निगण्ठ नातपुत्तांच्या, म्हणजे महावीरांच्या, तोंडी घातला आहे. हर्मन याकोबी यांनी नेमके हेच हेरले : परक्यांकडून असा घोटाळा होण्यास ती जुनी परंपरा अस्तित्वात असावी लागते. विरोधी पक्षाची ही नकळत साक्ष मला सर्वांत वजनदार वाटते.

एवढ्यावरून पार्श्वनाथ ऐतिहासिक पुरुष होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांचे शंभर वर्षांचे आयुष्य किंवा इ. स. पू. ८७७ हे जन्मवर्ष मात्र परंपरेने दिलेले आहे. त्याच्या पाठीशी तेवढे बळ नाही आणि मुलांना तेही तसेच सांगावे.