चुकलं तर एक वजा, सोडलं तर?

(विद्यार्थिनी व पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. मुलींच्या चुका कमी असतात आणि कोऱ्या जागा जास्त. विचारलं की उत्तर ठरलेलं : "दोन पर्यायांत अडले होते, बाई. चुकलं तर मार्क जातील, म्हणून सोडलं."

हे 'म्हणून सोडलं' किती महागात पडतं, त्याचा आज हिशोब करू. जेईई मेनमध्ये चार पर्यायांच्या प्रश्नात बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ वजा आणि सोडलेल्या प्रश्नाला शून्य. समजा, दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं आणि उरलेल्या दोनांत गाडी अडली. असे १० प्रश्न आले. अंदाजाने उत्तरं दिली तर सरासरी पाच बरोबर येतील, म्हणजे २० गुण. पाच चुकतील, ५ वजा. हाती राहतात १५. सोडून दिले तर हाती काहीच नाही.

आता पर्सेंटाइल. ते टक्के नव्हेत. आपल्या सत्रातल्या शंभरांपैकी किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, ते सांगणारा हा आकडा. परीक्षेला दहा लाख मुलं बसली, तर एक पर्सेंटाइल म्हणजे दहा हजार मुलं. तेव्हा १५ गुणांनी कॉलेज बदलतं, शाखा बदलते, कधी शहरही बदलतं.

ही केवळ माझ्या वर्गातली गोष्ट नाही. अमेरिकेत कॅथरीन कॉफमन यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चुकीला दंड असला की तेवढंच येत असलेल्या मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न सोडतात, असं त्यात आढळलं. चिलीमध्ये विद्यापीठ प्रवेश परीक्षेतला हा दंड काढून टाकला, तेव्हा प्रश्न सोडण्यातली मुला-मुलींमधली तफावत खूपच कमी झाली. अमेरिकेच्या सॅट परीक्षेनेही २०१६ साली उणे गुण बंद केले. आपली एमएचटी-सीईटी तर उणे गुणांशिवायच होते. म्हणजे उणे गुण हा काही निसर्गाचा नियम नाही. तो माणसांनी केलेला नियम आहे आणि तो कोणाला जास्त लागतो, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पण मुली सोडतात का? दूध उतू गेलं तर बोलणी कोण खातं? मुलगा पडला-झडला तर "शिकेल हळूहळू", आणि मुलीची चूक मात्र घराण्याला लागते. सोळा वर्षं 'चुकू नकोस' हेच शिकवायचं आणि परीक्षेच्या तीन तासांत धाडसाची अपेक्षा धरायची, हे कसं जमावं?

आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या. मुलांची एकही जागा कमी न करता मुलींचं प्रमाण आधी १४ टक्के, मग २० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं. तरी "मुलींना फुकट मिळतं" हे ऐकावं लागतंच. त्यांना हा हिशोब दाखवा. ज्या मापात सावधपणालाच दंड बसतो, ते माप फक्त बुद्धीचं नाही.

मुलींनो, सराव परीक्षेनंतर सोडलेले प्रश्न मोजा. किती ठिकाणी एक-दोन पर्याय खोडता आले असते, ते लिहून ठेवा. काहीच सुचत नसेल तर वेळ घालवू नका, पण दोनांवर आलात तर उत्तर द्याच.

आणि आयांनो, बाबांनो, निकालाच्या दिवशी "किती चुकले?" हा पहिला प्रश्न नको. "किती प्रश्नांना हात घातलास?" असं विचारा. परीक्षेचे नियम बदलायला आपल्याला भांडावं लागेल, वेळ लागेल. घरातला नियम मात्र आज संध्याकाळी बदलता येतो.