पोटाची भूक आणि मनाची वखवख

(वर्षावासातील प्रवचनमालेत विहारात केलेले भाषण)



प्रथम तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आम्ही त्रिवार वंदन करतो. समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही ‘गोड खाणे’ असे सांगितले आणि दोघे-तिघे हसले. गिरणी, संप, आरक्षण यावर बोलणारा हा माणूस लाडवावर काय बोलणार? पण बंधू-भगिनींनो, आमच्या थोरल्या भावाचा पाय घोट्यापासून कापावा लागला, तो साखरेच्या आजाराने. पुढे दोन वर्षांत दादा गेले. आम्हीही त्याच वाटेने चाललो होतो. आम्ही डॉक्टर नाही, सातवी शिकलेला गिरणी कामगार आहोत. भोगलं ते सांगतो.

आपल्या लोकांना गोडाचं एवढं अप्रूप का? आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामं केली आणि बदल्यात दारोदार फिरून शिळी भाकर आणली. १९७२ च्या दुष्काळात आमची आई खडी फोडायला जायची. तिथे मिळणारी सुकडी ती स्वतः न खाता पदरात बांधून आम्हा पोरांसाठी आणायची. गुळाचा खडा मिळाला की आमचा सण. मुंबईत घाटकोपरला आलो, रेशनकार्ड झालं, साखर घरात आली. तेव्हापासून गोड म्हणजे ‘आपलेही दिवस आले’ अशी खूणगाठच मनात बसली. पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणं म्हणजे त्याचा अपमान! हे समजून घेतल्याशिवाय नुसतं ‘गोड सोडा’ म्हणून चालत नाही.

१९८९ साली आम्ही बदली कामगार म्हणून साचेखात्यात लागलो. घाटकोपरहून गाडीने करी रोडला उतरायचं आणि रात्रभर साच्यांपुढे उभं राहायचं. तिसऱ्या पाळीत डोळा लागू नये म्हणून चहा. एका रात्रीत सहा कप, कपाला दोन चमचे साखर. चमच्याला चार ग्रॅम धरले तरी पन्नास ग्रॅमच्या आसपास झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की, वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवावी. गूळ आणि मधही त्याच हिशेबात येतात, हे लक्षात घ्या. आम्ही एका पाळीत त्याच्या दुप्पट पोटात घालत होतो. शिवाय झोप मोडली की शरीरात भूक चेतवणारी द्रव्यं वाढतात आणि पोट भरल्याची खूण देणारी कमी पडतात. हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. पुढे गिरणी बंद पडली, आम्ही रात्रीचा वॉचमन झालो. चहा तोच, जागरण तेच, वर हाताला काम कमी आणि मनाला घोर जास्त.

मग दुसरंच सुरू झालं. पोट भरलेलं असायचं, पण वखवख सुटायची. सुट्टीच्या एका रात्री दोन वाजता उठलो आणि अंधारात, उभ्या उभ्या, लग्नघरून आलेल्या डब्यातले अकरा बुंदीचे लाडू खाल्ले. चव कळली नाही, थांबताही आलं नाही. नंतर स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहिलो. रात्री पुन्हा दुप्पट खाल्लं. असं महिनोन्‌महिने चाललं. आपल्याकडे अशा माणसाला ‘भस्म्या झालाय’ म्हणून हिणवतात. परंतु थोड्या वेळात भरमसाट खाणं, थांबवता न येणं, लपून खाणं आणि मागून शरम वाटणं, हे वारंवार होत असेल तर तो आजार असू शकतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली आहे. त्यावर उपचार आहेत.

एका रात्री पोरांची आई जागी झाली. आम्हाला वाटलं, आता वाभाडे निघणार. ती एवढंच म्हणाली, “अहो, भूक असेल तर ताट वाढते, बसून खा. आपल्याच घरात चोरून कशाला खाता?” बांधवांनो, आम्ही रडलो. ज्यांच्या वाडवडिलांना कधी मानाने ताटावर बसता आलं नाही, त्यांचा मुलगा स्वतःच्या घरात अंधारात चोरून खात होता!

पुढे विहारातल्या ग्रंथांत आम्हाला कोसलच्या प्रसेनजित राजाची हकिकत सापडली. ती संयुत्तनिकायात आहे. हा राजा द्रोणभर भात खायचा. एकदा असाच जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला पापी म्हटलं नाही, उपाशी राहा असंही सांगितलं नाही. जो सावध राहून भोजनाची मात्रा जाणतो त्याच्या व्याधी कमी होतात आणि आयुष्य सांभाळलं जातं, एवढ्याच अर्थाची एक गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि आपल्याला जेवण वाढताना रोज म्हणायला सांगितली. त्याबद्दल रोजचे शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला.

यात दोन गोष्टी आहेत. एवढा मोठा राजा, पण त्याला एकट्याला जमलं नाही. त्याने माणसाची मदत घेतली. आणि दुसरी, ती मदत त्याने स्वतः मागितली. न मागता जो येता-जाता टोकतो तो सुदर्शन नव्हे. त्याच्यामुळे माणूस लपून खायला शिकतो. आम्ही आमच्या लेकीला सांगितलं, ‘बाळा, दुसऱ्यांदा वाढताना मला फक्त विचार, पप्पा, पोटाला हवंय की मनाला?’ पहिले पंधरा दिवस आम्हाला राग यायचा. मग सवय झाली.

उपाशी राहण्याचंही भगवंतांनी स्वतः करून पाहिलं होतं. शरीराचा सापळा झाला, तेव्हा ते सोडून त्यांनी सुजाताची खीर स्वीकारली. उपास आणि अधाशीपणा या दोन टोकांमधला मध्यम मार्ग ताटातही आहे. आम्ही तीन वेळचं जेवण वेळेवर सुरू केलं. भाकरी, उसळ, कधी अंडं, कधी सुका बोंबील. पोट भरलं की निम्मी वखवख तिथेच बसते. चहातली साखर एकदम न सोडता दोन चमच्यांची दीड, मग एक, मग अर्धा अशी काही महिन्यांत उतरवली. जीभ शिकते, बांधवांनो! गोडाचा डबा घरात ठेवायचा बंद केला. खावंसं वाटलं तर चारचौघांत, वाटीत घेऊन, बसून खायचं. आणि वखवख सुटली की दहा मिनिटं श्वासाकडे बघत बसायचं. तृष्णा उठते तशी बसतेही, हा आमचा अनुभव आहे.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये, उपोसथाचा उपासही करू नये. साखर एकाएकी उतरली तर जिवावर बेतते. आपल्या राजावाडी रुग्णालयात तपासणी करून घ्या. मन आवरत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही सरकारची मोफत सेवा २०२२ पासून आहे. यात लाज कसली? बाबासाहेबांनाही मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्या त्यांच्या औषध-पथ्याकडे लक्ष देत. आजारी शरीराने बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पुरा केला. तो १९५७ साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला.

शेवटी समितीला एक विनंती. बुद्धपौर्णिमेचं खीरदान जरूर करावं, पण वाटी लहान असावी. सोबत उकडलेले चणे असावेत. आणि ‘घ्या हो, एका दिवसाने काय होतं’ हा आग्रह आपल्या विहारातून कायमचा जावा. नको म्हणणाऱ्याचा मान ठेवणं हीसुद्धा करुणाच आहे.

आम्ही जिंकलो असं म्हणत नाही. मागच्या दिवाळीत एकदा पाय घसरला. पण दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलो नाही, सकाळी घरात सांगून टाकलं आणि वेळेवर जेवलो. दादांना हे सांगायला कोणी नव्हतं. आपल्यापैकी कोणी आज रात्री अंधारात डबा उघडणार असेल, तर त्याने दिवा लावावा आणि घरातल्या एका माणसाला हाक मारावी.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय! जय भीम!