आधी पोथी पाठ करा



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘धार्मिक संस्कार आणि नास्तिकता’. पत्रिका घरोघर पोचल्यापासून मला दोन तऱ्हेचे फोन येताहेत. काही जण विचारतात, ‘आमच्या श्रद्धेवर टीका करणार का हो?’ आणि काही जण विचारतात, ‘स्वतःला नास्तिक म्हणवता, मग संस्कारांचं कौतुक कशाला?’ हे दोन्ही फोन करणारे आत्ता पहिल्या दोन रांगांत शेजारी शेजारी बसलेले मला दिसताहेत. व्याख्यानमालेचं यश म्हणतात ते हेच. (हशा)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणूस नास्तिक झाला की लोक म्हणतात, घरात संस्कार नसतील. मी जितकी चरित्रं वाचली, जितकी माणसं जवळून पाहिली, त्यांत मला उलटंच दिसलं. ज्या घरात धर्म मनापासून, पुस्तक उघडून, शिस्तीनं शिकवला जातो, त्या घरातून विचारी नास्तिक निघतो. जिथं धर्म म्हणजे आरती, प्रसाद आणि मोठ्या आवाजातला स्पीकर, तिथून नास्तिक निघत नाही आणि खरा आस्तिकही निघत नाही. तिथून निघतो चारचौघं करतात ते करणारा माणूस. म्हणून मी स्वतः ईश्वर मानत नसलो, तरी आज तुमच्याकडे एक मागणं घेऊन आलो आहे. मुलांना धर्म शिकवा. नीट शिकवा.

उदाहरण घेतो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं. त्यांचं चरित्र या सभागृहात सांगायला नको. १९०१ चा जन्म, धुळे जिल्ह्यातलं पिंपळनेर, वाईची प्राज्ञपाठशाळा, कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी, पुढं मानवेंद्रनाथ रॉय यांचा सहवास, विश्वकोशाचं काम, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मला विचारायचं आहे ते एवढंच, की शेंडी राखलेला, संथा घेणारा हा विद्यार्थी पुढं ‘जडवाद’ नावाचं पुस्तक लिहितो आणि विश्वाला कर्ता नाही असं मांडतो, हे घडलं कसं? सरळ उत्तर म्हणजे रॉय भेटले, मार्क्स वाचला. ते खरंच आहे. पण रॉय भेटायच्या कितीतरी आधी त्यांना वाईत मीमांसा भेटली होती.

त्यांचे गुरू नारायणशास्त्री मराठे. पुढं संन्यास घेऊन ते केवलानंदसरस्वती झाले. मीमांसाकोश हे त्यांचं मोठं काम. आता ही पूर्वमीमांसा काय म्हणते पाहा. वेद प्रमाण, यज्ञ करायचा, एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही. कर्मठपणात तिचा हात कुणी धरणार नाही. आणि हीच मीमांसा म्हणते, की यज्ञात ज्या देवतेला आहुती देता तिला शरीर नाही, ती येऊन काही खात नाही आणि प्रसन्नही होत नाही. शबरस्वामींनी मीमांसासूत्रांवरच्या भाष्यात हा वाद सविस्तर घातला आहे. देवता खात असती तर हविर्द्रव्य कमी व्हायला हवं होतं, ते होत नाही! फळ मिळतं ते कर्मामुळं, कुणाच्या कृपेमुळं नाही.

त्यानंतर आले कुमारिल भट्ट. बौद्धांशी हयातभर वाद घातलेला हा वेदांचा कैवारी. ते श्लोकवार्तिकात विचारतात, की ईश्वरानं जग निर्माण केलं म्हणता, तर ते पाहायला तेव्हा होतं कोण? शरीरच नव्हतं, तर त्याला इच्छा कुठून झाली? करुणेनं केलं म्हणावं, तर जगात एवढं दुःख का? आणि तो स्वतः येऊन ‘मीच केलं’ म्हणाला, तरी विश्वास का ठेवायचा? आपलं ऐश्वर्य मिरवायला तो तसं म्हणत नसेल कशावरून? मित्रहो, हे कुण्या आंग्लविद्याविभूषित सुधारकाचे प्रश्न नाहीत. वेदांच्या एका शब्दालाही धक्का लागू नये म्हणून झगडणाऱ्या माणसाचे आहेत, आणि ते सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे आहेत. (टाळ्या)

दुसऱ्या बाजूला नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला ‘न्यायकुसुमांजली’ हा आख्खा ग्रंथ लिहिला. आता विचार करा. मीमांसेच्या घरात वाढलेला मुलगा न्याय शिकतो. सकाळी ईश्वराच्या खंडनाची संथा, दुपारी मंडनाची. आणि दोन्हीकडं नियम एकच. आधी पूर्वपक्ष मांडायचा. विरोधकाचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता आलं पाहिजे, मग उत्तर द्यायचं. वर्षानुवर्षं असा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणाऱ्या मुलाला एखाद्या दिवशी पूर्वपक्षच खरा वाटला, तर ते कुसंस्कार म्हणायचे? त्या पाठशाळेचं ते यश आहे, असा माझा निष्कर्ष आहे.

आणि लक्ष्मणशास्त्र्यांनी शास्त्र फेकून दिलं नाही. १९३३ साली पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न लागलं. वधू ब्राह्मण, वर वैश्य. जुन्या शास्त्रींच्या मते हा प्रतिलोम विवाह. तो लावला लक्ष्मणशास्त्र्यांनी. विरोध करणाऱ्यांइतकंच शास्त्र त्यांना येत होतं, म्हणूनच ते उभे राहू शकले. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ लिहून १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार घेणारे तेच. ज्याला वेद ठाऊक आहे, त्यालाच वेदाची चिकित्सा करता येते.

दुसरं नाव भगतसिंग. त्यांचा ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिलेला. तो अनेकांनी वाचलेला असतो, पण त्याची सुरुवातीची पानं आपण घाईनं उलटतो. त्यात ते सांगतात, की त्यांचे आजोबा कडवे आर्यसमाजी. लाहोरच्या डी.ए.व्ही. शाळेच्या वसतिगृहात असताना सकाळ-संध्याकाळची प्रार्थना तर होतीच, शिवाय ते तासन्‌तास गायत्रीचा जप करत. हा मुलगा धर्मावाचून वाढलेला नव्हता.

आणि आर्य समाज आला कुठून? काठेवाडातल्या टंकाऱ्याला एका शिवरात्रीला चौदा वर्षांचा मुलगा देवळात जागरण करत बसला होता. वडीलधारी झोपी गेली. उंदीर पिंडीवर चढला आणि नैवेद्य खाऊ लागला. मुलाला प्रश्न पडला, जो उंदराला हाकलू शकत नाही तो जगाचा स्वामी कसा? उपास कडक पाळून जागा राहिला, म्हणून त्यालाच तो उंदीर दिसला! (हशा) तो मुलगा म्हणजे पुढचे स्वामी दयानंद. १८७५ साली त्यांनी आपल्या मुंबईत आर्य समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुण्यात व्याख्यानं दिली. त्यांनी मूर्तीला प्रश्न विचारला आणि ईश्वर ठेवला. तो प्रश्न भगतसिंगांचे आजोबा अर्जनसिंग यांच्या घरात शिरला आणि नातवानं तो ईश्वरालाच विचारला. १९२६ च्या अखेरीस ईश्वर नाही याची खात्री पटली, असं भगतसिंग लिहितात. पुढच्या वर्षी अटक झाली तेव्हा काही पोलीस अधिकारी म्हणू लागले, देवाची प्रार्थना कर. त्यांनी मनाशी पक्कं केलं, की सुखात असताना नास्तिक आणि संकटात आस्तिक असं चालायचं नाही. २३ मार्च १९३१ ला फासावर जाताना त्यांचं वय होतं अवघं तेवीस. मनात असेल तसंच वागायचं, हा बाणा कुठं शिकले असतील ते? मला तरी त्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांचा त्यात वाटा दिसतो. खरेपणाची सवय घरानं लावली आणि ती घराच्या मर्यादेपलीकडं गेली.

आता थोडं घरचं सांगतो. हे बोलायचं योजलं नव्हतं, पण समोर काही भिक्षुक मंडळी दिसताहेत म्हणून सांगावंसं वाटतं. माझे वडील कृष्णाकाठच्या एका गावात भिक्षुकी करत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. श्रावणात सत्यनारायणांची रीघ लागे आणि चौरंग, केळीचे खांब, ताम्हण सांभाळायला मी बरोबर असे. एकदा परतताना मी विचारलं, ‘अण्णा, साधुवाण्यानं कथा ऐकली म्हणता, ती कुठली? ही तर त्याचीच कथा, ती तेव्हा घडायची होती.’ (हशा) आणि लगेच दुसरं विचारलं, ‘कलावती नवऱ्याला भेटायला धावली, प्रसाद घ्यायचा राहिला. एवढ्याशा चुकीसाठी नवऱ्यासकट नाव बुडवायची?’

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, ‘प्रश्न चांगले आहेत. पण पोथी पाठ नसताना विचारलेस. आधी पोथी पाठ कर, मग विचार.’ मी पोथी पाठ केली आणि पुन्हा विचारलं. ते म्हणाले, ‘याचं उत्तर या पोथीत नाही, पुढं वाच.’ मग रुद्र झाला, गीता झाली, शांकरभाष्याशी झटापट झाली. प्रत्येक पायरीला अण्णा म्हणत, पुढं वाच. मी पुढं वाचत गेलो आणि कॉलेजात असताना मला कळून चुकलं, की माझा विश्वास उरलेला नाही.

त्याच श्रावणात अण्णा तापानं फणफणले. एका यजमानांकडे पूजा ठरलेली होती. ते म्हणाले, ‘तू जाऊन ये, तुला सगळं येतं.’ मी म्हणालो, ‘येतं सगळं, पण माझा भरवसा नाही आता त्यावर.’ आईचा चेहरा उतरला. श्रावणातल्या दक्षिणेवर आमचं पुढचं किती भागायचं, हे ती जाणत होती. अण्णा बराच वेळ आढ्याकडं बघत पडून राहिले. मग म्हणाले, ‘मग जाऊ नकोस. आपला भरवसा नाही ते सांगून दक्षिणा घेणं म्हणजे चोरी.’ पलीकडच्या आळीतल्या भिक्षुकांना त्यांनी निरोप धाडला, दक्षिणा तिकडं गेली.

बरे झाल्यावर संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. ‘हं, मांड तुझा पूर्वपक्ष.’ तिथून ते असेपर्यंत आमचा वाद चालू राहिला. ते देव मानत गेले, मी मानला नाही. त्यांच्या घरातून मी बाहेर पडलो असं मला कधीच वाटलं नाही. मला नास्तिक व्हायची मुभा माझ्या घरातल्या सर्वांत श्रद्धाळू माणसानं दिली. (टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळाकडं बोट केलं आहे, संयोजकांची चिठ्ठीही आली. पेरियारांवर बोलायचं होतं. इरोडचं वैष्णव घर, घरी पंडितांची ये-जा, काशीला भुकेल्या पोटी ब्राह्मणांच्या पंगतीतून मिळालेली हकालपट्टी. ते सोडतो. पण पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल, कारण त्यांचं उदाहरण माझ्याविरुद्ध जातं. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई यांनी पुराणांचं धन मुलीला दिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात व्रतं, तीर्थयात्रा सगळं करूनही आईवडील उपासमारीनं गेले. रमाबाईंचा जुन्या दैवतांवरचा विश्वास ढळला, पण त्या नास्तिक झाल्या नाहीत. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हा खऱ्या शिकवणुकीतून नास्तिकच निघेल अशी हमी मी देत नाही. आपली वाट स्वतः शोधणारा माणूस निघेल, एवढं नक्की म्हणतो.

मागून एक गृहस्थ म्हणताहेत, ‘म्हणजे मुलं नास्तिक व्हावीत म्हणून धर्म शिकवायचा का?’ नाही. मी कुणाच्या देव्हाऱ्यावर घाला घालायला आलेलो नाही. तुमची श्रद्धा खरी असेल तर ती प्रश्नांना पुरून उरेल, असा विश्वास तुम्हीच बाळगायला हवा. शबरस्वामींनी बाळगला, उदयनाचार्यांनी बाळगला, आमच्या अण्णांनी बाळगला. मुलाच्या प्रश्नावर ‘असं बोलू नये’ म्हणणाऱ्या घराला स्वतःच्याच श्रद्धेची खात्री नसते. आणि माझ्या विवेकवादी मित्रांनो, तुम्हालाही सांगतो, मुलांना नुसतं ‘हे सगळं थोतांड’ एवढंच देऊ नका. ऐकीव आस्तिक आणि ऐकीव नास्तिक यांच्यात काही फरक नाही. कुमारिलांचे प्रश्न द्या आणि उदयनांची उत्तरंही द्या. मुलगी उदयनांकडं गेली, तर तिच्याशी वाद घाला. तोंड फिरवू नका.

सुट्टी लागली आहे. घरात जो ग्रंथ असेल, गीता, ज्ञानेश्वरी, कुराण, बायबल, धम्मपद, तो मुलांबरोबर अर्थासकट वाचायला घ्या. रोज एक शंका त्यांनी काढायची आणि तुम्ही तिचं उत्तर द्यायचं. उत्तर सापडलं नाही तर दोघांनी मिळून पुढं वाचायचं.

आणि संयोजकांना एक विनंती. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर एक संध्याकाळ पूर्वपक्षाची ठेवा. त्या दिवशी आस्तिकानं नास्तिकाची बाजू मांडायची आणि नास्तिकानं आस्तिकाची, आपल्या बाजूचा वकील मांडेल तितक्या ताकदीनं. ईश्वर आहे ही बाजू मी मांडीन, उदयनाचार्यांसकट मांडीन आणि कसर ठेवणार नाही, हा शब्द देतो. ईश्वर नाही ही बाजू मांडायला मला एक मनापासूनचा श्रद्धाळू माणूस हवा आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी जाण्यापूर्वी चिटणीसांकडं नाव द्यावं. तयारीला पुरतं एक वर्ष आहे.

आता प्रश्न विचारा. (टाळ्या)